मिलिग्रॅमची खोली

पोलादी वजनावर नुसतं बोट टेकवलं तरी त्याचं वजन वाढतं. फार नाही, बोटावरचं तेल आणि घाम मिळून एका मिलिग्रॅमचा एखादा बारीकसा अंश. घरातल्या काट्याला ते कळत नाही, भाजीच्या काट्याला तर त्याची शुद्धच नसते. पण ज्या वजनांवरून बाकीचे सगळे काटे तपासायचे, त्यांना एवढंही खपत नाही. म्हणून ती वजनं हातमोजे घालून उचलायची, बारकी असतील तर चिमट्यानं धरायची आणि रोज सकाळी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून मखमलीच्या खाचेत परत निजवायची. तान्ह्या बाळाचे लाड होणार नाहीत इतके!

हे सगळं जो न चुकता करायचा, त्याला त्याच्या कचेरीतले लोक मिलिग्रॅम म्हणत. काटे तपासणं हा त्याचा धंदा. गावोगावचे कारखाने त्याला बोलावत, आणि तो एका हातात कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात वजनांची लाकडी पेटी घेऊन जाई. कपड्यांची बॅग दोनदा हरवली होती. पेटी कधीच नाही.

धंद्याची एक सवय त्याच्या जिभेला लागली होती. कुठलंही मोजमाप सांगताना त्यात चूक किती असू शकते तेही सांगायचं, असा त्या कामातला नियम. त्यामुळे किती वाजले विचारलं तर मिलिग्रॅम म्हणे, "सव्वापाच, अधिक-उणे एक मिनिट." चहात साखर किती? "दीड चमचा, अधिक-उणे पाव." माणूस सरळ होता. खोटा आकडा त्याच्या पेनातून उतरत नसे. तोंडातून मात्र... पण ते पुढे येईलच.

तर मिलिग्रॅम एका मंगळवारी औषधांच्या एका मोठ्या कारखान्याचे काटे तपासायला त्या गावात उतरला. मुक्काम सहा आठवडे, अधिक-उणे दोन दिवस. कारखान्यानं राहायला स्वतःचं विश्रामगृह दिलं होतं. संध्याकाळी सात वाजता तिथल्या दिवाणखान्यात पाच ठेकेदार बसलेले, मध्ये टेबल, टेबलावर बाटल्या, आणि सहाव्या खुर्चीकडे पाचही जणांचे हात! "या, या! तुमचीच वाट बघत होतो!"

मिलिग्रॅम पेटीसकट मागच्या मागे वळला.

त्या मंगळवारी त्याला दारू सोडून बरोबर अकरा महिने झाले होते.

ही गोष्ट जगात फक्त एका व्यक्तीला ठाऊक होती, ती म्हणजे त्याची थोरली बहीण. तिलाही त्यानं सांगितली नव्हती. तिनं ओळखली होती. अकरा महिन्यांपूर्वी एका कारखान्यात चिमट्यातलं पन्नास मिलिग्रॅमचं वजन त्याच्या हातून निसटलं. हात थरथरला होता. कोणी पाहिलं नव्हतं, कोणी विचारणारही नव्हतं. पण यानं दिवसभराच्या सगळ्या नोंदी स्वतः रद्द केल्या, दुसऱ्या दिवशी पहिल्या काट्यापासून काम पुन्हा केलं, आणि त्यानंतर थेंबाला शिवला नाही. ना गाजावाजा, ना शपथ. फक्त एकच गोष्ट त्याला जमली नव्हती. ती म्हणजे हे तोंडानं म्हणणं.

"अरे, चार तर शब्द आहेत," ताई फोनवर म्हणे. "मी दारू सोडली आहे. झालं! म्हणून टाक की एकदा कुणाला तरी."

"म्हणतो."

"कधी?"

"लवकरच."

"अधिक-उणे किती?" ताई विचारी, आणि हा फोन ठेवून देई.

न्हाणीघरात नळ सोडून त्यानं सराव करून पाहिला होता. "मी दारू..." इथपर्यंत गाडी नीट येई. पुढे बादली भरून वाहू लागे, पण तिसरा शब्द काही बाहेर येत नसे.

असो. खोली भाड्यानं घ्यायची त्यानं ठरवली. "खोली शोधणं म्हणजे काय, मोजमापच की!" तो ताईला म्हणाला. "तीन तासांचं काम. अधिक-उणे पंधरा मिनिटं!" त्यानं कागदावर सात रकाने आखले. उजेड, पाणी, आवाज, ओल, कारखान्यापासूनचं अंतर, पेटी ठेवायला सपाट जागा. सहा रकान्यांना नावं होती. सातव्या आणि सगळ्यात महत्त्वाच्या रकान्यावर त्यानं नुसतं 'क्ष' लिहिलं होतं.

कागद बघून एजंट खूश झाला. एजंट म्हणजे वीस वर्षं त्या गावातल्या लोकांना एका घरातून दुसऱ्या घरात हलवणारा उत्साही गृहस्थ. "वा! असं व्यवस्थित गिऱ्हाईक आजवर भेटलं नव्हतं! पण साहेब, हे क्ष काय?"

"ते... माझं मी बघतो."

इथेच घोटाळ्याची पहिली वीट बसली. कारण जे एजंटला सांगितलंच नाही, ते एजंट टाळणार कसं?

पहिली खोली. सकाळचे अकरा. "ऐका!" एजंटनं एक बोट वर केलं. "काही ऐकू येतंय? नाही ना? स्मशानात नसेल इतकी शांतता!"

मिलिग्रॅमनं जिन्याखाली पाहिलं. रिकाम्या क्रेटांची चळत. फरशीवर चिकट वर्तुळं, प्रत्येकाचा व्यास सात सेंटिमीटर. "खाली काय आहे?"

"दुकान."

"कसलं?"

"संध्याकाळी उघडतं, एवढं नक्की."

"बंद किती वाजता होतं?"

"होतं की! होतंच कधीतरी!"

दुसरी खोली तीन ब्रह्मचाऱ्यांबरोबर होती. मिलिग्रॅमनं पाण्याचं विचारलं. "पाणी जरा कमीच येतं," त्यातला लठ्ठ ब्रह्मचारी म्हणाला, "पण सोडा भरपूर!" आणि त्यानं कौतुकानं फ्रिज उघडून दाखवला. त्यात भाजी ठेवायला जागा नव्हती. अंड्यांच्या खाचांतसुद्धा छोट्या बाटल्या उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिसरी खोली. दारावर पाटी: 'फक्त निर्व्यसनी माणसांसाठी'. मिलिग्रॅमला कोण आनंद झाला! सातव्या रकान्यात त्यानं पायरी चढता चढताच टिक करून टाकली. घरमालक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी त्याला उभं ठेवूनच तोंडी परीक्षा घेतली.

"विडी?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"आयुष्यात कधीही?"

'नाही' म्हणणं सोपं होतं, पण तो आकडा खोटा ठरला असता. 'हो' म्हणावं तर पुढचे चार शब्द आले. तो विचार करत राहिला, आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

"दोन सेकंद! दोन सेकंद लागले तुम्हाला! ज्यानं कधी घेतली नाही, त्याला आठवावं लागत नाही. निघा!"

पायऱ्या उतरताना मिलिग्रॅमला जगाची रचना लख्ख कळली. पिणाऱ्यांना पिणारा हवा. न पिणाऱ्यांना जन्मात न प्यालेला हवा. प्यायचा आणि आता पीत नाही, अशा माणसासाठी मात्र गावात खोलीच बांधलेली नव्हती! त्यानं मनाशी ठरवलं की यापुढे या विषयावर तोंड म्हणून उघडायचं नाही.

तीन तासांचं काम दोन दिवस चाललं. आणि मग गुरुवारी दुपारी चौथी खोली मिळाली.

ती मिळाली म्हणजे काय मिळाली! पूर्वेला खिडकी. ओल नाही. दगडी कट्टा इतका सपाट की मिलिग्रॅमनं त्यावर पाणसळ ठेवली तेव्हा तिच्यातला बुडबुडा मधोमध येऊन आज्ञाधारकपणे थांबला. खाली शिंप्याचं दुकान, मागे अंगण, आणि मालकीणबाई निवृत्त मेट्रन. चाळीस वर्षं इस्पितळाचे वॉर्ड सांभाळलेल्या. बारीक अंगाच्या, ताठ कण्याच्या. त्यांनी नुसतं पाहिलं की माणूस आपोआप जीभ बाहेर काढून दाखवी. गल्लीतल्या कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधलेली होती, तीही त्यांनीच, आणि गाठ अशी की कुत्र्यानं दोन दिवस झटूनही सुटली नव्हती.

"मला सगळं चालतं," मेट्रनबाई म्हणाल्या. "उशिरा या, लवकर जा, गाणी लावा, भिंतीला खिळे ठोका. फक्त एक चालत नाही. खोटं. चाळीस वर्षं लोकांनी मला 'गोळी घेतली' म्हणून सांगितलं, आणि चादर बदलताना उशीखालून गोळ्या घरंगळल्या. ज्या दिवशी खोटं सापडेल, त्या दिवशी चावी परत. मान्य?"

"मान्य!" मिलिग्रॅम म्हणाला. मनापासून म्हणाला. खोटं बोलण्याचा त्याचा काही बेतच नव्हता. त्यानंतर तीन दिवसांत तो तीन वेळा खोटं बोलला.

पहिलं खोटं त्याच दिवशी, तासाभरात. खोली मिळाल्याच्या आनंदात एजंट दोन थंडगार बीअर घेऊन आला. "साहेब, क्षसाठी!" मिलिग्रॅम गडबडला. तोंडाला येईल ते बोलला. "नको, नको! मला... गाडी चालवायची आहे."

दुसरं, शुक्रवारी संध्याकाळी. खालचे शिंपीकाका खांद्यावर टेप टाकून जिना चढून आले. हा माणूस मायेचा. दिवसभर गल्लीची उसवलेली शिवण घाली आणि संध्याकाळी दोन पेग घेऊन सगळ्यांना क्षमा करी. "पाहुणे, एकटे बसता होय? चला खाली, थोडी घेऊ."

"आज नको काका. दाढ... दाढ काढली आहे."

तिसरं शनिवारी. कारखान्यातल्या थंड खोलीत दिवसभर बसून मिलिग्रॅमला खोकला झाला. मेट्रनबाई हातात वाफाळता पेला घेऊन दारात. "गरम पाणी आणि दोन चमचे ब्रँडी. औषध म्हणून. डोळे मिटा आणि घ्या."

"नको बाई. माझं... दुसरं औषध चालू आहे. त्याच्यावर हे चालत नाही."

"कसलं औषध?"

"रोजचं."

मेट्रनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मिलिग्रॅमची जीभ बाहेर येता येता राहिली. बाई पेला घेऊन गेल्या, आणि त्याला वाटलं की सुटलो!

वजनांच्या बाबतीत ज्याला अर्धा मिलिग्रॅम झोप लागू देत नसे, त्या माणसाला तीन खोटी एकाच गल्लीत ठेवली तर ती एकमेकांना भेटतील, हे सुचलंच नाही. हुशार माणसांचं असंच असतं. जिथे लक्ष असतं तिथे सुईचं टोक, आणि जिथे नसतं तिथे गोदामाचं दार!

सुरुवात कापसानं केली. रोज सकाळी आठला मिलिग्रॅम दार लावून पेटी उघडी, बिनलेबलाच्या तपकिरी बाटलीतून कापसावर स्पिरिट घेई आणि एकेक वजन पुसून बोळे केराच्या डब्यात टाकी. त्या बाटलीकडे पिण्याची गोष्ट म्हणून त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. गवंड्याला भूक लागली तरी तो विटेकडे पाहत नाही तसंच. शिवाय ते पोटात गेलं असतं तर तो थेट मेट्रनबाईंच्या जुन्या वॉर्डातच गेला असता.

पण सोमवारी केर काढताना मेट्रनबाईंना ते बोळे दिसले. बाईंनी एक उचलला. हुंगला. चाळीस वर्षांचा अनुभव एका क्षणात नाकाशी उभा राहिला. रोजचं औषध. स्पिरिटचा बोळा. सकाळी आठ, न्याहारीच्या आधी. मधुमेह! इन्सुलिन! बिचारा स्वतःच्या हातानं टोचून घेतो आणि 'हाय' म्हणत नाही!

त्या क्षणापासून बाईंच्या मनात भाडेकरूबद्दल आदर दाटला आणि त्याच्या चहातून साखर गेली. दीड चमचा, अधिक-उणे शून्य, सगळीच्या सगळी! पाठोपाठ बिस्किटं गेली. जेवायला उकडलेल्या भाज्या आल्या. बुधवारी बाई दारात उभ्या. "पाय दाखवा."

"अं?"

"तळपाय. लाजू नका, मी असे दहा हजार पाहिलेत." आणि त्यांनी टॉर्च लावून मिलिग्रॅमचे दोन्ही तळवे, दहा बोटं, बोटांमधल्या आठ फटी तपासल्या. "छान ठेवलेत. शिस्त आहे तुमच्यात. शिस्तीचा पेशंट मला फार आवडतो."

पेशंट? मिलिग्रॅमला वाटलं, त्या ज्याला त्याला असंच म्हणत असतील.

खाली शिंपीकाकांच्या नाकालाही सकाळी आठचा वास पोचला. खिडकी त्यांच्या डोक्यावरच होती. पण त्यांचं नाक वेगळ्या वॉर्डात तयार झालेलं. त्यांनी मान डोलावली. दाढेचं निमित्त! पठ्ठ्या सकाळी आठलाच सुरू करतो, आणि तरी साडेआठला जिना उतरताना पाऊल वाकडं पडत नाही, भांग सरळ, शर्टाची शेवटची गुंडीसुद्धा लावलेली! काकांनी उभ्या हयातीत एवढा सराईत माणूस पाहिला नव्हता. त्यांनी मशीन थांबवून त्याला नमस्कार घालायला सुरुवात केली.

"दाढ कशी आहे?" ते डोळा मारून विचारत.

"बरी आहे."

"चालू द्या, चालू द्या! दाढेला त्याच्यासारखं औषध नाही. फक्त पाहुणे, चूळ भरून थुंकत जाऊ नका. पाप लागतं!"

मिलिग्रॅम बुचकळ्यात पडला. पण 'दाढ' या विषयावर जास्त बोलणं त्याला परवडणारं नव्हतं.

आणि एजंट! तो तर कर्तव्यदक्ष. साहेबांना गाडी चालवायची असते म्हणजे गाडी आहे, आणि गाडी आहे म्हणजे जागा हवी. त्यानं गल्लीच्या तोंडाशी भिंतीलगत पांढरे पट्टे आखून घेतले आणि पाटी ठोकली: 'राखीव. काटेवाले साहेब'. आता त्या गल्लीत आधीच गाड्या चार आणि जागा तीन. चार दिवसांत दोन शेजाऱ्यांची तोंडं एकमेकांशी बंद झाली. कडेच्या घरातला निवृत्त फौजदार रोज संध्याकाळी खुर्ची टाकून त्या रिकाम्या चौकोनावर पहारा देऊ लागला. "गाडी मोठी दिसते. भारी लोकांच्या गाड्या मागून येतात," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. एका बाईनं तिथे सायकल लावली तर तिला उठवलं!

मिलिग्रॅम त्या पाटीवरून रोज पायी जात होता. ती दिसली की तो भराभर पावलं उचली. ताईला त्यानं बिनसाखरेच्या चहापासून तळपायांच्या तपासणीपर्यंत सगळं सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसते हुंदके ऐकू आले. रडण्याचे नव्हते.

"म्हणजे तुला मधुमेह आहे, दाढ नाही आणि मोटार आहे," ताई कशीबशी म्हणाली. "अरे, चार शब्द वाचवायला केवढा हा संसार मांडलास!"

"मधुमेहाचं मी काही म्हणालोच नाही!"

"मग सांग त्यांना खरं."

"सांगितलं तर खोटं सापडेल. खोटं सापडलं तर खोली जाईल. खोली गेली तर परत ते विश्रामगृह, आणि ती सहावी खुर्ची." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "ताई, मला त्या खुर्चीची भीती वाटते गं."

ताईचं हसू थांबलं. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर म्हणते. लपवून ठेवलेलं वजन कुठल्या काट्यावर चढतं का रे?"

धंद्याच्या भाषेत बोलून ताईनं त्याला पुरता पकडला होता.

तिसऱ्या रविवारी शिंपीकाकांच्या दुकानात नवं विजेचं मशीन आलं. चाळीस वर्षं पायानं मशीन हाणल्यावर काकांचे पाय निवृत्त होत होते, आणि हा सोहळा कोरडा जाणं शक्यच नव्हतं. भर दुपारी बारा वाजता अंगणात खुर्च्या मांडल्या. गल्ली जमली. मेट्रनबाई लिंबाचं सरबत घेऊन बसल्या, एजंट बर्फ फोडू लागला, फौजदार राखीव जागा दिसेल अशा बेतानं खुर्ची वळवून बसला. काकांनी पहिला पेला भरला. काठोकाठ भरला, आणि सगळ्यांसमोर मिलिग्रॅमच्या हातात ठेवला.

"पहिला मान उस्तादांचा! आज नाही म्हणायचं नाही!"

पेला हातात. मिलिग्रॅमच्या नजरेनं तो आपोआप मोजला. एकशे ऐंशी मिलिलिटर, अधिक-उणे पाच. हात स्थिर होता. अकरा महिन्यांत तो एकदाही थरथरला नव्हता, आणि त्या क्षणीही थरथरला नाही, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. त्यानं पेला जवळच्या स्टुलावर ठेवला.

"का हो? दाढ अजून?" काकांनी विचारलं.

"दाढ?" मेट्रनबाईंनी मान वळवली. "कुणाची दाढ?"

"यांची! काढली ना परवा!"

"हे आले त्या दिवशीच मी यांचं तोंड पाहिलंय. बत्तीसच्या बत्तीस आहेत. अहो, यांना मधुमेह आहे! दारू विष आहे यांना!"

"मधुमेह?" एजंटचा हात बर्फावर थांबला. "मला तर म्हणाले, गाडी चालवायची असते म्हणून घेत नाहीत!"

"हां, गाडी!" फौजदार उठूनच उभा राहिला. "गाडी कधी येते आहे?"

"गाडी नाही," मिलिग्रॅम पुटपुटला.

"गाडी नाही?" फौजदार मटकन बसला. इतक्या दिवसांचा पहारा! त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"अहो, कशाला त्या बिचाऱ्याला छळता!" काका त्याच्या मदतीला धावले आणि त्यांनी उरलंसुरलं बुडवलं. "लाजतात ते! रोज सकाळी आठला वास येतो मला. घेतात, पण काय घेतात! पाऊल इकडचं तिकडे नाही! बाई, तुम्ही मधुमेह म्हणता, पण बाटली आहे त्या पेटीत. मी काच वाजताना ऐकली आहे!"

मेट्रनबाईंनी सरबताचा पेला खाली ठेवला.

"पेटी आणा," त्या म्हणाल्या.

मिलिग्रॅमनं पेटी आणली. दोन्ही हातांनी, समोर धरून. कडी उघडली. मखमलीत ओळीनं वजनं, प्रत्येकात अंगणातलं ऊन एकेक ठिपका होऊन चमकत होतं. कडेला चिमटा, हातमोजे, कापूस, तपकिरी बाटली. सुई नव्हती. इंजेक्शन नव्हतं.

"अरे वा! काय देखणी आहेत!" असं म्हणून काकांनी एक किलोचं वजन घामट मुठीत उचललं.

"हात लावू नका!!"

मिलिग्रॅम इतक्या मोठ्यानं कधी बोलला नव्हता. वळचणीचं कबूतर उडालं. काकांनी वजन जे घट्ट छातीशी धरलं ते आणखीच वाईट, कारण आता त्याला दहा बोटं आणि सदऱ्याचा एक बंद लागला होता. त्यांनी दुसऱ्या हातानं बाटलीचं बूच काढून हुंगलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही तर प्यायचीच नाही! खरं स्पिरिट आहे!"

"पुसायचं आहे ते," मिलिग्रॅम म्हणाला. "बोटांचे ठसे लागले की वजन वाढतं."

"म्हणजे तुम्ही सकाळी आठला..."

"पुसतो."

काकांच्या नजरेतला उस्ताद तिथेच कोसळला. मेट्रनबाई मात्र सावकाश उठल्या. दोन आठवड्यांच्या उकडलेल्या भाज्या, टॉर्च, दहा बोटं, सगळं त्यांच्या कपाळावर एकेक आठी होऊन उमटत होतं. त्या त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला.

"याला गाडी, त्याला दाढ, मला औषध," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. वॉर्डात तो कधी चढवावाच लागला नव्हता. "तिघांना तीन आकडे दिलेत तुम्ही. तुमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. माझ्या घरात याला खोटं म्हणतात. एक तर माझी चावी द्या, नाही तर खरं काय ते सांगा. आत्ता. दोन्हींपैकी एक या हातावर आलं पाहिजे."

मिलिग्रॅमनं खिशात हात घातला. चावी बोटांना लागली. ती बाहेर काढणं किती सोपं होतं! बॅग भरायला दहा मिनिटं. विश्रामगृह दोन किलोमीटर. सहावी खुर्ची रिकामीच असणार. त्यानं बाईंच्या हाताकडे पाहिलं. कोरडा, स्वच्छ, चाळीस वर्षं धुऊन धुऊन पांढरा पडलेला हात. या हातानं उशीखालच्या गोळ्या उचलल्या होत्या. गोळ्या लपवणाऱ्यांना मात्र वॉर्डाबाहेर काढलं नव्हतं, हे त्याच्या एकाएकी ध्यानात आलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. कुठेही नळ वाहत नव्हता.

त्यानं चावी खिशातच सोडली आणि हात बाहेर काढला. रिकामा.

"मी दारू..." तो म्हणाला.

काका पुढे झुकले. फौजदार पुढे झुकला. मेट्रनबाईंचा तळहात तसाच, एका रेषेत स्थिर.

"सोडली आहे," मिलिग्रॅम म्हणाला. "अकरा महिने, एकोणीस दिवस झाले." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, धंद्याच्या सवयीनं त्यानं पुढचंही सांगितलं, "अधिक-उणे काही नाही."